सरकारी परवान्याचं दुकान

सुरत, ९ नोव्हेंबर १९७०

गं. भा. उषाबाईंना सरला भंगाळेचा नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. भुसावळला गाडी बदलताना फार रेटारेटी झाली, पण तुम्ही बांधून दिलेला दशम्यांचा डबा अविनाशच्या बाबांनी पोटाशी धरून ठेवला होता, त्यामुळे तो तेवढा शाबूत घरी आला.

शैलजा आम्हा दोघांना पसंत आहे. हे गाडीतच ठरलं होतं, पण घाईत लिहिलं असं तुम्हाला वाटू नये म्हणून दोन दिवस थांबले. खरं सांगायचं तर बँकेच्या बुऱ्हाणपूरच्या शाखेत बदली झाल्यावर वर्षाच्या आत अविनाशने स्वतःच मुलगी पसंत केली, याचा मला थोडा राग होता. शाळेत इतकी वर्षं मुलांची पारख करायची आणि घरच्या सुनेची पारख मात्र मुलाने करायची. पण शैलजा समोर येऊन बसली आणि राग गेला. ती बोलताना माणसाकडे बघते. खाली मान घालून बोलणाऱ्या मुलींच्या मनात काय चाललंय ते मला कधीच कळत नाही.

तुमच्याबद्दलही लिहायचं आहे. यजमान अकाली गेल्यावर तुम्ही दुकान हातात घेतलंत आणि लेकीला बी. ए. केलंत. "आमचं सरकारी परवान्याचं दुकान आहे," असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले. रेशनच्या दुकानाची कटकट मी रोज बघते. साखर आली की रांग, रॉकेल संपलं की शिव्या. बाईमाणसाने ते सांभाळायचं म्हणजे खायचं काम नाही.

इथे तापीच्या पुराचा गाळ अजून नदीकाठच्या घरांतून निघतोय. तुमच्याकडून येताना ही नदी किती साळसूद दिसत होती. साखरपुडा माघात धरावा असं ह्यांचं म्हणणं आहे. तुमचं कळवा.

आपली,
सरला भंगाळे

बुऱ्हाणपूर, १७ नोव्हेंबर १९७०

सौ. सरलाबाईंना नमस्कार.

पत्र वाचून आनंद झाला आणि पाठोपाठ संकोच वाटला. तुम्ही ज्या दुकानाचं कौतुक केलंत ते माझं नाही. माझं दुकान रेशनचं नाही, गांजा आणि भांगेचं आहे. दर वर्षी सरकार ठेका देतं. सासऱ्यांपासून तो आमच्याकडे आहे. तुमच्या गुजरातेत या मालाला बंदी आहे, आमच्या मध्य प्रदेशात तो पाटी लावून विकतात.

त्या दिवशी मी उलगडून सांगितलं नाही, कारण अविनाशरावांनी घरी सांगितलं असेल असं धरून चालले. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. काल विचारलं तर म्हणाले, "योग्य वेळ बघत होतो." मी म्हटलं, योग्य वेळ बघणाऱ्यांची लग्नं म्हातारपणी होतात.

तुमचं पत्र शैलूला दाखवलं. ती म्हणाली, "आई, आजच्या टपालानं उत्तर टाक." म्हणून दुकानात बसूनच लिहिते आहे. तुमच्या मनात काय येईल याची कल्पना आहे. जे येईल ते मोकळेपणी लिहा. गोड लिहायची गरज नाही.

उषा झोपे

सुरत, १४ डिसेंबर १९७०

उषाबाई,

उत्तराला महिना लागला. लिहीत होते आणि फाडत होते.

मी इथल्या नशाबंदी मंडळाची चिटणीस आहे, हेही अविनाशने तुम्हाला सांगितलेलं नसणार. दर रविवारी आम्ही चारपाच जणी कारीगरांच्या वस्तीत जातो. दारू, गांजा, जे दिसेल त्याविरुद्ध बोलतो. लोक ऐकतात, चहा पाजतात. परिणाम किती होतो ते देव जाणे.

आमच्या मागच्या चाळीत भागीरथी म्हणून बाई राहते, अमळनेरकडची. तिचा नवरा लोटू आर्टसिल्कच्या कारखान्यात माग चालवायचा. बारा तासांची पाळी अंगावर यायला लागली म्हणून गांजा ओढायला लागला. दिवाळीनंतर एक दिवस चालू माग सोडून उठला आणि हवेतले धागे वेचायला लागला. धागे नव्हतेच तिथे. तेव्हापासून भागीरथी त्याला हात धरून नळावर नेते, घास भरवते. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाली, "मन्हा धनी वाईट नही शे, मास्तरीनबाई. त्याले कोनी तरी चोरी लई गयं."

मी घरी आले, तर टेबलावर तुमचं पत्र पडलेलं. त्या दिवशी मला काय वाटलं ते लिहीत नाही.

शैलजाबद्दल माझं मत तेच आहे. पण गांजाच्या घरची मुलगी आणून रविवारी मी कुठल्या तोंडाने वस्तीत जाऊ? ठेका मार्चअखेर संपतो असं कळलं. तो पुन्हा घेऊ नका. मग साखरपुड्याचं बोलू. गोड लिहू नका म्हणालात म्हणून हे असं लिहिलं.

सरला भंगाळे

बुऱ्हाणपूर, २२ डिसेंबर १९७०

सरलाबाई,

भागीरथीबाईंचं वाचून दिवसभर मन लागलं नाही. असं एक वाक्य बोलणाऱ्या बाईला तुम्ही एकटं सोडलेलं नाही, हे वाचून तुमच्याबद्दल आदर वाटला. हे तोंडदेखलं नाही.

तरी तुमची अट मला मानता येत नाही. का, ते सांगते. हे गेले तेव्हा शैलू सात वर्षांची होती. दीर म्हणाले, ठेका आम्हाला द्या, बाई त्या गादीवर बसलेली बरी दिसत नाही. मी बसले. पहिले सहा महिने गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत नसत, खाली बघून पुडी नेत. मग त्यांची सवय मोडली, माझीही.

माझ्याकडे कोण येतं? एक म्हातारे पोस्टमास्तर येतात, त्यांच्या गुडघ्यांना रात्री चैन नसते. वैद्य येतात, औषधात घालायला भांग नेतात. साधू येतात. काही जण नुसत्या सवयीने येतात, त्यांना फायदा काहीच नाही आणि तोटा किती ते मला मोजता येत नाही. तीस वर्षांत दोन माणसं या सवयीने कामातून गेलेली आमच्या घराने पाहिली आहेत. ते मी झाकत नाही. पण पोरसवद्याला मी देत नाही. प्यालेल्याला देत नाही. घरच्या बाईने येऊन "ह्यांना देऊ नका" म्हटलं तर त्या माणसाला पुन्हा देत नाही, मग त्याने दुकानासमोर किती का तमाशा करेना.

एक विचारते, राग मानू नका. तुमच्या सुरतेत दुकान नाही. मग लोटूला गांजा कोणी दिला? त्यात काय होतं? भागीरथीबाई कोणापुढे जाऊन म्हणणार, "ह्याला देऊ नका"?

लग्न मोडायचं असेल तर मोडा. शैलू रडेल, पण तिला तुमचा राग येणार नाही.

उषा झोपे

सुरत, २० जानेवारी १९७१

उषाबाई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचा राग आला. तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मी भागीरथीला घेऊन निघाले.

उधन्याच्या रस्त्यावर मगन नावाच्या माणसाची चहाची लारी, म्हणजे हातगाडी, आहे. चहा कमी, दुसरंच जास्त. भागीरथीने त्याला विचारलं, "मन्हा धनीले काय दिन्हं तू?" तो हसला. "मावशी, मी चहा विकतो." ती तिथेच बाकावर बसली. म्हणाली, "मंग चहा दे. तू सांगशी तवलोंग मी आठेच बससू." दुसऱ्या दिवशी चाळीतल्या आणखी तिघी तिच्यासोबत गेल्या. बायका बाकावर बसल्यावर मगनचं गिऱ्हाईक लारीजवळ फिरकेना. चौथ्या दिवशी लारी गायब झाली. आता तो पलसाण्याच्या बाजूला दिसतो म्हणतात. पोलिसांत मी दोनदा अर्ज दिला होता, त्याने जे झालं नाही ते या बायकांनी नुसतं बसून केलं.

लोटूला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण आहेत, गुजराती, पण भागीरथीशी हिंदीत नीट बोलले. त्यांनी लोटूच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, आधी तोंडाला कोरड पडायची का विचारलं. म्हणाले, गांजात धोतऱ्याचं बी कुटून घालत असावेत, माल जोरदार वाटावा म्हणून. औषधाने उतार पडेल, धीर धरा.

म्हणजे तुमची शंका खरी होती. म्हणून गांजा चांगला ठरत नाही, आणि माझं मत जिथे होतं तिथेच आहे. पण इतकी वर्षं वस्तीत जाऊन मी लोकांना सांगत आले, "ओढू नका." ते काय ओढतात हे एकदाही विचारलं नाही.

साखरपुड्याचं मी अजून काही लिहीत नाही. लग्न मोडलं, असंही लिहीत नाही. अविनाश दर शनिवारी पत्र टाकून विचारतो. त्याला म्हटलं, योग्य वेळ बघते आहे.

सरला

बुऱ्हाणपूर, १८ फेब्रुवारी १९७१

सरलाबाई,

भागीरथीबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या बाकावर मलाही बसायला आवडलं असतं.

आज लिहायचं ते तुम्हाला दुसरीकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

आमच्याच गल्लीत प्रमिलाबाई राहतात. त्यांचे सासरे गालाच्या कॅन्सरने अंथरुणाला आहेत. त्यांना दुखणं सहन होत नाही. थोडा गांजा घेतला की दोन घास पोटात जातात, झोप लागते. डॉक्टरांना माहीत आहे, त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आजोबांना येता येत नाही म्हणून नातू सुरेश, प्रमिलाबाईंचा मुलगा, यायचा. बी. एस्सी. झालेला, नोकरी शोधत होता. वय नियमात बसत होतं, माप नियमात बसत होतं. आजोबांची चौकशी करून मी पुडी देत होते.

त्या पुडीतला अर्धा तो स्वतः ओढत होता. संक्रांतीपासून तो म्हणायला लागला की रेडिओवर बातम्या देणारा माणूस त्याचंच नाव घेतो. मग आईने केलेलं जेवण सोडलं, त्यात काहीतरी घातलंय म्हणून. परवा त्याला इंदूरला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, काही जणांच्या डोक्याला हे सोसत नाही, आणि कोणाच्या ते आधी कळत नाही.

तुमच्या मगनच्या मालात धोतरा होता. माझ्या मालात काही नव्हतं. सरकारी गोदामातून मोहरबंद आलेला, चोख माल होता. एकाच पुडीतून आजोबांना झोप येत होती आणि नातवाची उडत होती.

काल प्रमिलाबाई दुकानात आल्या. मी पाणी दिलं, ते प्यायल्या. मग म्हणाल्या, "उषाबाई, तुम्ही चांगला माल देता, असं सगळेच म्हणतात." एवढं बोलून उठल्या.

शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं.

लग्नाचं तुम्ही आता मोकळेपणी ठरवा.

उषा

सुरत, २७ फेब्रुवारी १९७१

प्रिय उषाबाई,

तुमचं पत्र ह्यांनाही वाचायला दिलं. ते चलथाणच्या साखर कारखान्याच्या कचेरीतून दमून येतात आणि माझ्या मंडळाच्या गोष्टी अर्ध्या कानाने ऐकतात. हे पत्र मात्र चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, "या बाईंनी हे लिहिलं नसतं तर आपल्याला जन्मात कळलं नसतं." मी म्हटलं, तेच तर.

याच आठवड्यात मंडळाची बैठक होती. तुमच्या राज्याच्या सरकारला निवेदन पाठवायचं होतं, गांजा-भांगेची दुकानं बंद करा म्हणून. मसुदा माझ्याकडे होता. मी तो वाचून दाखवला आणि शेवटी म्हटलं, "एक सांगायचं राहिलं. यातलं एक दुकान माझ्या होणाऱ्या विहिणीचं आहे."

अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढला. "सरलाबेन, आ शुं बोलो छो?"

"जे आहे ते बोलते."

एकीने विचारलं, सोयरीक मोडत का नाही. मी म्हटलं, "मला तीन महिन्यांत त्यांची तीन पत्रं आली. त्यांना अडचणीत आणणारी एकूणएक गोष्ट मला त्यांच्याच पत्रातून कळली. अशा आईची मुलगी मी हातची घालवू?" निवेदन पाठवायचं ठरलं, माझ्याच सहीने. ते मी पाठवलं, कारण त्यातला शब्द न् शब्द मला पटतो. सुरेशचं वाचल्यावर जास्तच.

पण डिसेंबरात घातलेली अट मी मागे घेते. तुमच्या दुकानाचं काय करायचं ते माझ्या धाकाने ठरू नये. ठेका घ्या किंवा सोडा, लग्न होणार. वैशाखातला मुहूर्त बघा. आणि प्रमिलाबाईंकडे जात राहा. त्या दार उघडणार नाहीत तेव्हाही जा.

तुमची,
सरला

बुऱ्हाणपूर, ५ एप्रिल १९७१

प्रिय सरलाबाई,

गांजाचा ठेका मी सोडला. भांगेचा ठेवला आहे, वैद्य आणि देवाधर्मापुरता. तुम्ही अट काढून घेतलीत म्हणूनच सोडता आला. अट असती तर हट्टाने घेतला असता, एवढी मी स्वतःला ओळखते.

पोस्टमास्तर नाराज आहेत. मी त्यांच्या नजरेला नजर देऊ शकले नाही. प्रमिलाबाईंकडे रोज जाते. चार दिवस त्या आतच बसून राहिल्या, पाचव्या दिवशी दार उघडं होतं. सासरे गुढीपाडव्याच्या आधी गेले. सुरेश इंदूरहून आला आहे, गोळ्या घेतो, फार झोपतो. मी गेले की माझ्याशी हवापाण्याचं बोलतो.

मुहूर्त अठरा मेचा निघाला आहे. शैलू आता बँकेच्या रस्त्याने जात नाही, लोक हसतात म्हणते. आधी काय लोक रडत होते?

तुमची,
उषा

बुऱ्हाणपूर, ३ फेब्रुवारी १९७२

प्रिय विहीणबाई,

शैलू तिकडे रमली हे तिच्या पत्रांवरून कळतं. जावईबापूंना कामरेजची शाखा मिळाली हे बरं झालं, रोज घरी येता येतं. लढाईच्या दिवसांत तुमच्याकडे रात्रभर काळोख असायचा म्हणे. तेव्हा तुम्ही दोघी काळोखात भेंड्या खेळत होतात, हेही तिने कळवलं आहे.

आज एका अडचणीसाठी लिहिते. मी सोडलेला गांजाचा ठेका ज्याने घेतला तो गावचा नाही. दुकानात नोकर बसवले आहेत. त्यांना जास्त खपवायचं एवढंच ठाऊक. कोण आलं, वय काय, पाय लटपटतात का, कोणी बघत नाही. कॉलेजची मुलं संध्याकाळी तिथे घोळक्याने उभी असतात. नियमांचा कागद मात्र भिंतीवर टांगलेला आहे.

सुरेश सुधारला होता. शिकवण्या घ्यायला लागला होता. त्या दुकानावरून जाताना नोकर त्याला नावाने हाक मारायचा, "सुरेश भैया, नया माल आया है." दोनदा तो पुढे गेला. तिसऱ्यांदा थांबला. दिवाळीनंतर पुन्हा इंदूरला न्यावं लागलं.

परवा प्रमिलाबाई घरी आल्या. म्हणाल्या, "तुम्ही दुकान सोडलंत तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता विचारते, सोडून तुम्ही काय केलंत? तुमच्या जागी कोण आलं?"

मी म्हटलं, "माझ्याच पुडीने त्याचं हे झालं, प्रमिलाबाई."

"हो. आणि तुमच्याकडेच जाऊन मी सांगू शकत होते, पुन्हा देऊ नका. त्याच्याकडे जाऊन सांगितलं तर तो मला म्हणाला, बहनजी, धंदे का टाइम है." मग म्हणाल्या, "मार्चमध्ये ठेका निघेल. परत घ्या."

मला झोप येत नाही. लग्नात तुमच्या मंडळाच्या बायकांनी ठेका सोडल्याबद्दल मला शाल दिली. तुमचा चेहरा तेव्हा कसा फुलला होता ते मी पाहिलं. आता मी पुन्हा त्या गादीवर बसले तर ते तुमच्या घराण्याला लागेल, शैलूला लागेल. म्हणून तुम्ही नको म्हटलंत तर मी घेणार नाही. शाल परत पाठवायची का, तेही लिहा.

तुमची,
उषा

सुरत, १२ फेब्रुवारी १९७२

प्रिय उषाबाई,

पत्र आलं तेव्हा शैलजा कुकर लावत होती. तिलाच मोठ्याने वाचायला सांगितलं. वाचून झाल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, तुझं मत सांग. म्हणाली, "सासूबाई, आईने दुकान सोडलं तेव्हा तुम्हाला बरं वाटलं आणि मलाही. पण त्या दिवशी आई जेवली नव्हती."

हे तुम्ही मला कळवलं नव्हतं.

रविवारी बैठकीत सगळं सांगितलं. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, गेल्या वर्षी ज्यांचा सत्कार केला त्याच पुन्हा गांजा विकणार, हे मंडळाला शोभणार नाही. त्यांचं बरोबर आहे. मी म्हटलं, शोभणार नाही. चिटणीसपद सोडून दिलं. वस्तीत मात्र जाते. त्याला पद लागत नाही. भागीरथी सोबत असते. तिचं लोक माझ्यापेक्षा जास्त ऐकतात, कारण ती आधी लोटूची गोष्ट सांगते आणि मग गप्प बसते. लोटू गेल्या महिन्यापासून पुन्हा मागावर उभा राहतो, अर्धी पाळी. कधी कधी बोलता बोलता थांबतो. भागीरथी वाट बघते.

मगन पलसाण्याहून परत आला आहे, दुसऱ्या रस्त्यावर. बायका पुन्हा बसतील, तो पुन्हा उठेल. बंदीचा कायदा आहे म्हणून आपलं काम झालं, असं मी पूर्वी समजत होते. तसंच परवाना आहे म्हणून काम झालं, असं तुमचे ठेकेदार समजतात.

माझं मत तुम्हाला ठाऊक आहे. ही सगळी दुकानं एक दिवस बंद व्हावीत असं मला वाटतं, आणि तो दिवस आला तर तुम्हाला आधी पेढे पाठवीन. पण तो दिवस उजाडेपर्यंत त्या गादीवर तुम्ही बसलेल्या बऱ्या. ठेका घ्या.

शाल परत पाठवू नका. ती तुम्हाला दिली होती, बंद दुकानाला नाही. थंडी असेल तर दुकानात पांघरा.

तुमची,
सरला

बुऱ्हाणपूर, ४ एप्रिल १९७२

प्रिय सरलाबाई,

ठेका मिळाला. बोलीच्या वेळी कचेरीच्या व्हरांड्यात प्रमिलाबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. ठेकेदाराच्या माणसाने विचारलं, ह्या कोण? त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक नाही." तो गोंधळला.

चिटणीसपदाचं वाचून वाईट वाटलं. तुम्हाला गर्व वाटावा असं मी काही केलेलं नाही, पण तुमची विहीण असल्याचा मला गर्व वाटतो. हे एकदा लिहून ठेवते, समोर आल्यावर बोलवणार नाही.

परवा दुकान उघडलं. पोस्टमास्तर आले. बसून त्यांच्या गुडघ्यांची हकिगत सांगून गेले. कॉलेजची पाचसहा मुलं आली. मी त्यांना आईचं नाव विचारायला सुरुवात केली, तर ती पसार झाली. आजारी माणसासाठी कोणी न्यायला आलं तर आता मी त्याच्यासोबत घरी जाते आणि आजाऱ्याला डोळ्यांनी बघून येते. तेवढा वेळ दुकान बंद राहतं. गिऱ्हाइकं कुरकुरतात.

काल सकाळी सुरेश समोर येऊन उभा राहिला. हातात पिशवी, केस विंचरलेले. मी म्हटलं, "सुरेश, तुला इथे मिळणार नाही."

"माहीत आहे काकू," तो म्हणाला. "इंदूरहून आल्यापासून त्या नोकराची हाक टाळायला मी स्टेशनला मागच्या नाल्याकडून जात होतो. आज सरळ आलो."

खांडव्याला एका शाळेत त्याला भेटायला बोलावलं होतं. पिशवी दुसऱ्या हातात घेऊन तो स्टेशनच्या रस्त्याला लागला. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत राहिले. त्याने मागे वळून बघितलं नाही.

तुमची,
उषा